वाटणीचे गणित

अब्बा गेले तेव्हा कामठीच्या घरात वाटायला पैसा नव्हता. वस्तू होत्या २०: हातमाग, शिलाई मशीन, तांब्याचा बंब, भिंतीवरचे घड्याळ, असेच काहीबाही. अम्मी आधीच गेलेली. शरियतनुसार आम्हा दोघा भावांचे दोन-दोन हिस्से, बहिणीचा एक. हिशेब मौलवीसाहेबांनी मिनिटात सांगितला. पण मागाचे पाच तुकडे कोण करणार?

२० वस्तू तिघांत वाटण्याच्या रीती ३४८ कोटींहून जास्त होतात. किमती ठाऊक असलेल्या वस्तूंचे दोन सारखे ढीग पडतील का, एवढ्याशा प्रश्नालाही झटपट सोडवण्याची रीत संगणकशास्त्राला सापडलेली नाही. तो किती अवघड आहे हे रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली दाखवले. आणि तिथे वस्तूची किंमत सगळ्यांना एकच!

आमच्याकडे तसे कुठे? मशीन भंगारवाल्याच्या लेखी २०० रुपयांचे, बहिणीच्या लेखी ती अम्मीच. अखेर पाळीपाळीने उचलायचे ठरले. भावांनी दोनदा, तिने एकदा; पहिली पाळी तिची. तिने बंद पडलेले घड्याळ उचलले. मशीनवर धाकट्याची बायको लोकांचे ब्लाऊज शिवते, हे तिला ठाऊक होते.