न वाचलेल्या उताऱ्याची तयारी

बारावीच्या बोर्डाचा पहिला पेपर इंग्रजीचा असतो. तो झाला की साताऱ्यापासून जतपर्यंतच्या बहुतेक घरांत इंग्रजीचं युवकभारती कपाटात जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही. एमएचटी-सीईटी देणाऱ्या मुलाला त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथे भौतिक, रसायन, गणित किंवा जीवशास्त्र एवढंच विचारतात. पण प्रवेशाच्या वाटा आता तेवढ्याच राहिलेल्या नाहीत. केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या परीक्षेवर होतात. २०२४ पासून आपल्या राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएस अशा अभ्यासक्रमांनाही सीईटी आली आणि तिच्या शंभर प्रश्नांपैकी चाळीस इंग्रजीचे ठेवले गेले. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीत इंग्रजी आहेच. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात सुरू झालं. तिथली आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या फौजी घरांमधली मुलं ज्या एनडीएचं स्वप्न पाहतात, तिच्या नऊशे गुणांच्या लेखी परीक्षेत दोनशे गुण इंग्रजीचे आहेत. तेव्हा प्रश्न असा पडतो, की कपाटात गेलेलं ते पुस्तक पुन्हा काढायचं आणि व्याकरणाचं एखादं गाइड जोडीला घ्यायचं, एवढी तयारी पुरते का? माझ्या मते पुरत नाही, कारण या परीक्षा जे तपासतात त्याची तयारी त्या पुस्तकातून होत नाही.

बोर्डाचा पेपर वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कवितेचं रसग्रहण, एखाद्या मुद्द्याच्या दोन्ही बाजू मांडणं, आवाहन, उताऱ्याचा सारांश, हे सगळं मुलाकडून लिहून घेणारा पेपर गाइडवाल्यांना वाटतो त्याहून चांगला आहे. अडचण त्याच्या तयारीत आहे. पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात शिकवून झालेला असतो, त्याची उत्तरं गाइडमध्ये असतात, आणि परीक्षेपर्यंत तो उतारा मुलाला इतका पाठ झालेला असतो की वाचायची वेळच येत नाही. प्रवेश परीक्षेत नेमकं याच्या उलट घडतं. सीयूईटीच्या भाषेच्या पेपरात साठ मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायचे असतात. उतारे मुलाने कधी न पाहिलेले असतात आणि त्यांखालचे प्रश्न, शब्दांचे अर्थ, वाक्यांचा योग्य क्रम, रिकाम्या जागेतला नेमका शब्द असं सगळं पर्यायांतून ओळखायचं असतं. लिहायचं काहीच नसतं. म्हणजे तपासली जाते ती एकच गोष्ट: समोर आलेला अनोळखी मजकूर मूल किती वेगाने आणि किती अचूक वाचतं.

हा वेगाचा मुद्दा आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. साठ मिनिटांत पन्नास प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद, आणि उतारा वाचण्याचा वेळही त्यातच धरायचा. समजा, पेपरात प्रत्येकी साडेतीनशे शब्दांचे तीन उतारे आले. मिनिटाला ऐंशी शब्द वाचणाऱ्या मुलाची तेरा मिनिटं नुसत्या पहिल्या वाचनात जातात. एकशे साठ शब्द वाचणाऱ्याला साडेसहा मिनिटं पुरतात. शिवाय सावकाश वाचणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत पहिली ओळ आठवत नाही, त्यामुळे प्रश्नागणिक तो पुन्हा वरून सुरुवात करतो. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, की मातृभाषा इंग्रजी असलेला प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो. आपल्या मुलांनी तिथवर पोचायची गरज नाही. पण ऐंशीवरून दीडशेवर यायला हवं, आणि तो वेग व्याकरणाचे नियम पाठ करून येत नाही.

आता शब्दांकडे येऊ. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर क्लासची चौकशी करायला गेलात, तर पाचशे महत्त्वाचे शब्द, हजार समानार्थी शब्द अशी वचनं ऐकायला मिळतात. शब्द लागतात हे खरंच आहे. किती लागतात, याचा न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी बराच अभ्यास केला आहे. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. साडेतीनशे शब्दांच्या उताऱ्यात सात शब्द अडले तर निभावतं. पस्तीस अडले की उताराच हातातून जातो. वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या अशा सहजपणे वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा त्यांचा २००६ मधला अंदाज आहे. या आकड्यापुढे पाचशे शब्दांची यादी कुठे पुरणार? त्यातही यादी एका शब्दाला एकच अर्थ देते. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता हे प्रत्येकाला येतं, पण उताऱ्यात सरकार एखादी समस्या ‘अ‍ॅड्रेस’ करतं तेव्हा यादी गप्प बसते. तो अर्थ चार-सहा वेळा वाक्यात भेटला तरच अंगवळणी पडतो.

यावर व्याकरण शिकवणारे शिक्षक म्हणतील की प्रश्नपत्रिकेत शब्दयोगी अव्ययं, काळ, कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद यांवरही प्रश्न असतात आणि नियम माहीत असला तर हमखास गुण मिळतो. बरोबर आहे. पंधरा-वीस नियम नक्की शिकावेत, आणि त्याला दोन-तीन आठवडे पुरतात. माझा आक्षेप त्याच नियमांवर दोन वर्षं घालवण्याला आहे. तालमीत दोन वर्षं फक्त डावांची नावं पाठ करणारा पैलवान मैदानात काय करील, हे कुस्तीच्या या मुलखाला सांगायला नको.

मग वाचायचं काय आणि कसं? मराठी माध्यमाच्या मुलाजवळ एक भांडवल आहे, आणि आपण ते हिशेबातच धरत नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये असं मांडलं, की एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत वापरता येते. मुद्दा कुठे वळला, लेखक कुणाला उत्तर देतो आहे, उदाहरण कशासाठी आलं, हे ज्याला मराठी अग्रलेखात कळतं त्याला ते इंग्रजीत नव्याने शिकावं लागत नाही. कमी पडतात ते शब्द आणि सराव. जत तालुक्यात घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारं मूल तर ही ये-जा लहानपणापासून करत असतं. याचा एक अगदी फुकटचा उपयोग सांगतो. बालभारती अकरावी-बारावीची अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्राची पुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हींत काढते, आणि ती संगणकावर किंवा मोबाइलवर मोफत मिळतात. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाने मराठीत अभ्यासलेलं प्रकरण लगेच इंग्रजीत वाचावं. आशय माहीत असतो, त्यामुळे अडलेला शब्द संदर्भावरून बऱ्याचदा सुटतो, आणि विषयाची उजळणीही होते. शास्त्र शाखेच्या मुलाची पुस्तकं इंग्रजीतच असतात, पण तो त्यांतली सूत्रं आणि चौकटी तेवढ्या पाहतो. त्याने मधले परिच्छेद सलग वाचले तरी बरंच काम होईल.

वाचून झालं की पुस्तक मिटावं आणि काय वाचलं ते चार वाक्यांत मराठीत सांगावं. इंग्रजीच्या तासाला मराठी नको, असा एक कडक समज शाळांमधून आहे. तो मला पटत नाही. आपल्याला नीट समजलं की नुसते डोळे फिरले, हे मुलाला तपासायला मातृभाषेइतकं सोपं साधन दुसरं नाही. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर आणि सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल हे काही प्रवेश परीक्षेचे उमेदवार नव्हते. पण एकाने १८८३ मध्ये हॅम्लेटवरून ‘विकारविलसित’ लिहिलं आणि दुसऱ्याने ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत मांडायचं, ही रीत या मातीला नवी नाही.

इथे काहीजण विचारतील, की नुसत्या वाचनाने भाषा सुधारते याला पुरावा काय. फिजी बेटांवरच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी एक प्रयोग केला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथल्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. काही वर्गांना सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली, इतर वर्गांत नेहमीच्या पद्धतीने रचनांचा सराव चालू राहिला. पुस्तकं मिळालेल्या वर्गांची वाचनातली प्रगती जवळपास दुप्पट वेगाने झाली. ती मुलं लहान होती आणि आपली सतरा वर्षांची आहेत, हा फरक मान्य करायला हवा. पण सतरा वर्षांच्या मुलाला जगाची माहिती जास्त असते आणि एक भाषा पक्की आलेली असते, म्हणजे हा फरक त्याच्या तोट्याचाच आहे असं नाही. खरी उणीव दिवसांची आहे. म्हणून हे काम अकरावीच्या जूनमध्ये सुरू व्हावं, बोर्डाची परीक्षा संपल्यावर नव्हे. रोज वीस मिनिटं घड्याळ लावून वाचन, एवढंच. पुस्तकं मिळत नाहीत ही सबब आता फारशी टिकत नाही; राष्ट्रीय अभ्यासक्रमाची एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकंही मोबाइलवर मोफत उतरवता येतात. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथला साठा मुख्यतः मराठी आहे, आणि मघाशी म्हटलं त्या कारणाने तोही या परीक्षेच्या कामाचाच आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. खेड्यातल्या मुलाला इंग्रजीची चाळणी लावावीच का? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. सीयूईटीनेही तो अंशतः मान्य केला आहे: तिथे तेरा भाषांत मराठी आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना त्यांपैकी कोणतीही एक भाषा चालते. ज्याला मराठीत जास्त गुण मिळतील त्याने अर्ज भरण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमाची अट वाचावी आणि खुशाल मराठी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र प्रवेश मिळाल्यावर तिथली पुस्तकं बहुतांशी इंग्रजीतच वाचायची आहेत. चाळणी चुकवली तरी वाचन चुकत नाही. आणि इंग्रजी उशिरा सुरू झालं म्हणून मुलं मागे राहिली, हेही कारण पुरत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात घातलं गेलं. त्या काळी इंग्रजी सुरू व्हायचं ते मराठी इयत्ता झाल्यावर. असामान्य माणसाचं उदाहरण सगळ्यांना लावू नये हे खरं, पण त्या व्यवस्थेत त्यांच्या बरोबरीचे सामान्य विद्यार्थीही पुढे इंग्रजीतच वाचत होते. आज महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. वर्षं वाढली, वाचन वाढलं नाही.

जाता जाता अंदाजाने उत्तर द्यावं की नाही, याचा साधा हिशेब. सीयूईटीत बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीला एक जातो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी चार प्रश्नांमागे सरासरी दोन गुण उरतात, म्हणून प्रश्न कोरा ठेवू नये. एनडीएत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात, तिथे असा अंदाज शून्यावर येतो; निदान एक पर्याय खात्रीने बाद करता आला तरच उत्तर द्यावं. राज्याच्या बीबीए सीईटीत गुण कापले जात नाहीत. हे समजायला पाच मिनिटं लागतात, आणि क्लासमध्ये यावरच तासन्‌तास जातात.

कनिष्ठ महाविद्यालयांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. आठवड्यातला एक तास अनोळखी उताऱ्याला द्या. त्या तासाला आधी अर्थ सांगू नका, फळ्यावर उत्तरं लिहू नका. मुलांना घड्याळ लावून वाचू द्या आणि मग मराठीत बोलतं करा. पालकांनी क्लासची फी भरण्यापूर्वी एवढंच विचारावं, की इथे मुलं रोज किती पानं वाचतात. उत्तरात पानांऐवजी शब्दांच्या यादीचा आकडा आला, तर ते पैसे पुस्तकांना वापरा.