आपले पीक, आपले पोट



आई तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

आमच्या तेरचे, म्हणजे प्राचीन तगरचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. आमचा माल आजही बाहेरच जातो. आज तो सोयाबीन आहे. तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्या खातात, आमच्या ताटात मात्र सोयाबीन क्वचितच येते. आपल्या परिषदेचा विषय पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींत आढळणारी संयुगे, आणि ती या दाण्यात भरपूर आहेत, म्हणून मी शेतकरी असूनही इथे दोन शब्द बोलायचे धाडस करतो.

जाणकारांकडून समजले ते असे. बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जीवाणू त्यांना जोडलेली साखर तोडतात, मग मोठ्या रेणूचे लहान तुकडे करतात आणि ते रक्तात जातात. ज्वारीच्या कोंड्यात तंतूंना बांधलेले फेरुलिक आम्लही तेच सोडवतात. सोयाबीनमधल्या डेडझीन या पॉलिफेनॉलपासून इक्वॉल हे संयुग बनते, पण पाश्चात्त्य देशांत साधारण चौघांपैकी एकाच्याच पोटात. जपानमध्ये सुमारे निम्म्या लोकांच्या. डाळिंबापासून बनणारे युरोलिथिन हे संयुगही सर्वांच्या पोटात बनत नाही. म्हणजे दोघे एकाच ताटात जेवले, तरी दोघांच्या रक्तात उतरते ते वेगळे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांतले जीवाणू अभ्यासले. त्यात प्रिव्होटेला वंशाचे प्राबल्य दिसले. माझी विनंती एवढीच, की हा शोध परंडा, भूम, कळंबच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत यावा. आमच्या माणसांच्या पोटात इक्वॉल बनते का, हे इथल्याच महाविद्यालयांतल्या मुला-मुलींना सोबत घेऊन तपासा. नमुने द्यायला गावे तयार करण्याची जबाबदारी आम्ही घेतो. निष्कर्ष मात्र मराठीत, ग्रामसभेत येऊन सांगा. सोयाबीन किती विकायचे आणि किती शिजवायचे, हे मग आम्ही ठरवू.

दुपारी येळवसची, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाची भज्जी, ज्वारीची भाकरी आणि आंबील आहे. भज्जीत तूर, वाल, हरभरा, पालेभाज्या, सगळे एकत्र असते. आपल्या विषयाचे प्रात्यक्षिकच म्हणा. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या.