मैदान कोणाचे?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मेजर ध्यानचंदांच्या झाशीत खेळावर बोलायचे म्हणजे धाडसच. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघांत ते होते. त्यामुळे खेळ म्हटले की आपल्याला मैदान, माती आणि घाम आठवतो. मी मात्र आज खुर्चीत बसून पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी, म्हणजे ई-स्पोर्ट्सविषयी बोलणार आहे.

२०२३ साली माझा पुतण्या मला म्हणाला, "काका, आशियाई स्पर्धेत आपला गेमिंगचा संघ खेळतोय." मी म्हणालो, "मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस." पुढे वाचनात आले की पोरगा खरेच बोलत होता. मी ओशाळलो आणि माहिती घेऊ लागलो.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हे खेळ प्रात्यक्षिक म्हणून होते. तिथे भूजच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्यपदक मिळवले. पण प्रात्यक्षिक असल्याने ते पदकतालिकेत धरले गेले नाही. त्याच जकार्तात प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्ण जिंकले. वर्धन तेव्हा साठीचे होते! तेही पत्तेच, तेही बसूनच. फक्त त्यांचे पदक मोजले गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊला पदके अधिकृत झाली. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ लढतात आणि समोरच्याचा तळ पाडणारा जिंकतो. आपला संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. सुवर्ण कोरियाने घेतले. तिथे आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्याला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. छावणीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा हा खेळ आहे का, या वादात मी पडत नाही. नाशिकच्या विदित गुजराथीने त्याच हांगझोऊत बुद्धिबळाच्या संघासोबत रौप्य आणले. त्याला आपण खेळाडूच म्हणतो. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बुद्धिबळाचा पट कोणाच्या मालकीचा नाही. व्हिडिओ गेमला मात्र मालक असतो. हार्थस्टोनचेच पाहा. कंपनीचा चीनमधील भागीदाराशी करार संपला, जानेवारी २०२३ मध्ये तिथले सर्व्हर बंद झाले आणि तो खेळ हांगझोऊच्या यादीतून वगळला गेला. आपल्याकडून त्यासाठी निवडल्या गेलेल्या खेळाडूंची संधी न खेळताच गेली. ते हरले नाहीत; त्यांचे मैदानच उचलून नेले.

म्हणून पालकांना माझे सांगणे दोन टोकांचे नाही. मुलगा खेळतो म्हणून तो वाया गेला असे समजू नका. आणि तो चॅम्पियन होणार म्हणून शाळाही सोडवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा: हा खेळ कोणता? संघात कोण आहे? नियम काय? झोप किती घेतोस? आणि मुख्य म्हणजे, यात पैसे लावायचे असतात का? ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. स्पर्धेची प्रवेश फी आणि बक्षीस वेगळे, पैज वेगळी. हा भेद मुलांच्या आधी आपल्याला कळायला हवा.

मंडळाला एक विनंती. आपल्या स्पर्धांमध्ये रांगोळी आहे, पाठांतर आहे, बुद्धिबळ आहे. एका संध्याकाळी याच मांडवात मोठ्या पडद्यावर मुलांचा सामना ठेवावा. पंच मुलांचे, वेळेचे बंधन आपले. बंद खोलीत चालणारी गोष्ट चारचौघांत आली की तिला शिस्त लागते आणि हरल्यावर हात मिळवायची सवयही.

पुतण्याने मला एकदा खेळायला बसवले. दोन मिनिटांत मी बाद झालो. तो हसला, मग कसे खेळायचे ते शांतपणे शिकवू लागला. त्या दिवसापासून तो मला आपणहून सांगतो, की तो काय खेळतो आणि कोणाबरोबर. मला एवढे पदक पुरे आहे.

गणपती बाप्पा मोरया!