सुई आणि चूल



सहावी ते आठवीच्या मुलामुलींस शिवण व स्वयंपाक शिकवावा, असें आम्ही म्हणतों, तेव्हां कांहीं पालक विचारतात, “फादर, मुलग्याच्या हातीं सुई कशाला?” १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाचा विचार मांडला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही याच इयत्तांस हस्तव्यवसायांची ओळख करून देण्यास सांगितलें. संत पौल तंबू करण्याचा धंदा करीत. पुनरुत्थित प्रभूनें सरोवराकांठीं निखाऱ्यांवर मासळी ठेवून शिष्यांस न्याहारी दिली. मग आमच्या मुलग्यांस लाज कसली? निखळलेली गुंडी लावणें, भात शिजविणें, आजारी आईस पेज करून देणें, एवढें तरी प्रत्येकास यावें. घराचा सर्व भार एकट्या आईवर टाकून म्हटलेली रोझरी अपुरीच, असें आम्हांस वाटतें.