पॉवर हाउसचे रूळ आणि जिनिव्हाचा कायदा

(सेक्टर ६, भिलाई येथे १ जुलैच्या स्मृतिसभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



‘आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क’ या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा प्रथम हसू आले. मी मॅट्रिक झालेला माणूस, गँगमन म्हणून रेल्वेत लागलो. जिनिव्हा मी फक्त नकाशात पाहिले आहे. पण विचार करता करता लक्षात आले की, या विषयाचा पहिला धडा इथून थोड्याच अंतरावर, आपल्या पॉवर हाउस स्टेशनच्या रुळांवर गिरवला गेला आहे.

तरुण साथींसाठी थोडक्यात सांगतो. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना भिलाईतल्या त्यांच्या राहत्या घरी, झोपेत गोळी घालून मारले. त्यांच्याशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद होते, पण त्यांचा प्रामाणिकपणा कोणी नाकारला नाही. खाजगी कारखान्यांतून काढलेल्या कामगारांना परत घ्या, जगण्यापुरते वेतन द्या, या मागण्या त्यांच्यानंतरही तशाच राहिल्या. १ जुलै १९९२ रोजी ते कामगार बायकामुलांसह पॉवर हाउसच्या रुळांवर येऊन बसले. संध्याकाळी गोळीबार झाला. सोळा कामगार गेले. त्या दिवशी एक पोलीस अधिकारीही मारला गेला. त्याच्याही घरी चूल विझली, हे या सभेत सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता कायदा काय म्हणतो? भारत १९७९ साली नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्यात जगण्याचा, शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क आहे. पुढे सप्टेंबर १९९० मध्ये क्यूबातील हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या बळाच्या वापराबद्दल तत्त्वे मंजूर केली. जीव वाचवण्यासाठी दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तरच जीव घेणारी गोळी, आधी इशारा, जखमींना ताबडतोब मदत आणि नंतर चौकशी, असा त्यांचा मथितार्थ. ही तत्त्वे म्हणजे करार नव्हे, पण माप म्हणून ती जगाने मान्य केली आहेत. पॉवर हाउसला गोळी चालली तेव्हा या तत्त्वांना पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

कोणी म्हणेल, कागदाने गोळी थांबते का? नाही थांबत. नियोगींच्या खुनाचा खटला २००५ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, कट केल्याचा आरोप असलेले उद्योगपती सुटले. पण कागद नसता तर आपण कोणत्या मापाने मोजले असते? माप हातात असले म्हणजे निदान विचारता तरी येते.

साथींनो, मापाची गोष्ट निघाली म्हणून एक कडू बोल बोलतो. आपल्या दक्षिणेला बस्तर आहे, पलीकडे गडचिरोली. किरंदुलहून विशाखापट्टणमला लोहखनिज नेणारी लाईन आपलेच भाऊ सांभाळत आले. बीट चालणारा ट्रॅकमन आणि रात्री इंजिन चालवणारा लोको पायलट यांनी तिथे रूळ उखडलेले पाहिले आहेत. गावोगाव टपाल नेणारा ग्रामीण डाक सेवक दोन बंदुकांच्या मधून सायकल काढत आला आहे.

तिथल्या संघर्षाला कोणता कायदा लागतो? १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत एक कलम सारखेच आहे, तिसरे. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात जो लढत नाही, ज्याने शस्त्र ठेवले आहे, जो जखमी वा कैदी आहे, त्याला माणुसकीने वागवा. त्याचा खून, छळ करू नका, त्याला ओलीस धरू नका, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नका. हे कलम दोन्ही बाजूंना बांधते. आपले सरकार या लढाईला सशस्त्र संघर्ष न म्हणता कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणत आले. ठीक आहे, मग आपल्या राज्यघटनेचे एकविसावे कलम तर आहेच.

या मापाने सरकारला मोजा. २००५ पासून सलवा जुडूममध्ये गावे रिकामी करून माणसे छावण्यांत आणली, आदिवासी पोरांच्या हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास झाला पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्या प्रकरणात सांगितले.

आणि याच मापाने माओवाद्यांनाही मोजा. जुलै २००६ मध्ये एर्राबोरच्या छावणीवर हल्ला करून त्यांनी झोपलेल्या माणसांना मारले, त्यात मुलेही होती. ‘जन अदालत’ भरवून खबरी म्हणून गरिबाचा गळा कापणे हे रीतसर न्यायालय आहे काय? २८ मे २०१० रोजी पश्चिम बंगालमध्ये ज्ञानेश्वरी एक्सप्रेस रुळावरून घसरली, मालगाडी तिच्यावर आदळली, एकशे चाळीसहून अधिक प्रवासी गेले. माओवाद्यांनी हात झटकले, तपास यंत्रणेने त्यांच्या समर्थकांवर आरोप ठेवले. ती गाडी आपल्या दुर्ग-नागपूर मार्गाने मुंबईला जाणारी. रुळाची फिशप्लेट काढणारा हात कोणत्याही झेंड्याखाली असो, गँगमनच्या जातीला तो कधीच क्रांतिकारी वाटणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवली. बंदुका खाली आल्या तर आनंदच. पण बंदूक खाली आल्यावर जमीन, जंगल आणि मजुरीचे प्रश्न मिटले, असे कोणी समजू नये. त्यासाठी माणसाला निर्भयपणे संघटना करता आली पाहिजे.

इथे आपला स्वतःचा प्रश्न येतो. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक स्थापन झाली. म्हणजे जागतिक कायद्याच्या मेजावर आपण पहिल्या दिवसापासून आहोत. तरीही संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटीचा ९८ क्रमांकाचा करार भारताने मंजूर केलेला नाही. कारण काय सांगतात? सरकारी नोकरांवरची बंधने सैल करावी लागतील. म्हणजे अडले आहे ते तुमच्या-माझ्यावरून! १९७४ चा मे महिना आठवा. वीस दिवसांचा संप, हजारोंना अटक, नोकऱ्या गेल्या. जिनिव्हाचा कायदा दूर आहे असे ज्याला वाटते, त्याने त्या संपातल्या एखाद्या म्हाताऱ्या साथीच्या घरी बसून यावे.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरू या. एक, ८७ आणि ९८ क्रमांकाच्या करारांना मंजुरी मिळावी, अशी मागणी प्रत्येक शाखेने ठरावाने करावी. दोन, ज्या भागात संघर्ष आहे वा होता, तिथे पोस्टमन आणि ट्रॅकमन यांना कोणीही, पोलिसांनीही आणि बंडखोरांनीही, खबरी किंवा वाटाड्या म्हणून राबवू नये. ते नि:शस्त्र नागरिक आहेत. आपल्या संघटनेने हे लेखी मागावे, आणि एकट्या माणसाला रात्रीच्या गस्तीवर पाठवू नये, हेही मागावे. तीन, आपला माणूस मेला तर आपण ओरडतो, दुसऱ्याचा मेला तर गप्प बसतो. ही सवय सोडावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पहिल्या दोन सरकारकडे मागायच्या आहेत, तिसरी स्वतःकडे. सोळा कामगारांना आज आपण फुले वाहिली. त्यांची खरी आठवण हीच की, पुढच्या वेळी कुठेही, कोणाच्याही हातून नि:शस्त्र माणूस मेला तर आपली शाखा गप्प बसणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!