विचारायचं असतं होय?



'बहिःशाल शिक्षण' म्हटले की पुष्कळांना सत्काराची शाल आठवते. इथे शाल म्हणजे शाळा. ज्यांना परीक्षा द्यायची नाही, पदवी नको आहे, अशा मोठ्या माणसांपर्यंत विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर पडून जायचे, ही त्यामागची कल्पना. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला याच हेतूने गावोगावी पोहोचली.

मीही अशी व्याख्याने दिली आहेत. एकदा नदीकाठच्या एका गावात 'जमिनीचे आरोग्य' या विषयावर तासभर बोललो. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला, आभार मानले गेले, मंडळी उठली. चहा घेताना एक वयस्कर शेतकरी जवळ आले. म्हणाले, "सर, माझ्या उसाच्या रानात पांढरं फुटलंय. पाणी तर भरपूर देतो. मग असं का?"

भरपूर पाणी हेच तर कारण होते! निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, खालचे क्षार विरघळून वर येतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हे मी व्याख्यानात सांगितलेच होते, पण 'क्षारांचे संचयन' अशा भाषेत. त्यांचे 'पांढरं' आणि माझे 'संचयन' एकच, हे आम्हा दोघांना त्या चहाच्या वेळी कळले. मी म्हटले, "मघाशीच का नाही विचारलंत?" ते म्हणाले, "विचारायचं असतं होय?"

हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

विद्यापीठाबाहेरच्या या शिक्षणाची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट हे एक प्रमुख नाव. 1867 मध्ये ते जेमतेम 24 वर्षांचे होते. लीड्स, मँचेस्टर अशा शहरांत त्यांनी स्त्रियांसाठी व्याख्याने दिली. तरुण प्राध्यापकाने बायकांना समोरासमोर प्रश्न विचारणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. म्हणून त्यांनी छापील प्रश्न वाटले आणि उत्तरे लिहून मागवली.

पुढे ते रॉचडेलला गेले. हे गाव आपल्या सहकारी चळवळीला परके नाही. 1844 मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी सहकारी दुकान काढले आणि पुढे नफ्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवला. एकदा घाईत असल्यामुळे स्टुअर्ट आपल्या आकृत्या सभागृहाच्या भिंतीवर तशाच ठेवून गेले. पुढच्या आठवड्यात येऊन पाहतात तो काय, सभासदांनी त्या आकृत्यांवर आपापसांत चर्चा करून प्रश्न काढून ठेवलेले! तेव्हापासून व्याख्यानाला प्रश्नोत्तराच्या वर्गाची जोड मिळाली. 1873 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हे काम अधिकृतपणे स्वीकारले.

म्हणजे पाहा, प्रश्नांचा वर्ग ही विद्वानांची युक्ती नव्हती. ती श्रोत्यांनी मिळवलेली गोष्ट होती.

आज व्याख्यानांची टंचाई नाही. खिशातल्या मोबाईलवर हव्या त्या विषयाचे व्याख्यान मिळते. पण 'माझ्या रानात पांढरं का फुटलं' हे समोरच्या जाणकाराला विचारण्याची, त्याला आपल्या बोलीत समजावून सांगायला लावण्याची संधी किती जणांना मिळते? विद्यापीठाने गावात यायचे ते त्यासाठी. आणि त्यात शिकतो तो केवळ श्रोताच नव्हे. त्या दिवशी शेतकऱ्याच्या शब्दांत जमिनीविषयी बोलायला मी शिकलो.

म्हणून व्याख्यानमाला भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रास्ताविक थोडे कमी करा, सत्कार आटोपशीर ठेवा आणि आभार मानण्यापूर्वी अर्धा तास प्रश्नांसाठी राखा. पहिली दहा मिनिटे कोणी बोलणार नाही. थांबा. कोणीतरी चाचरत उठेल.

आणि श्रोतेहो, तो उठणारा माणूस तुम्ही व्हा. विचारायचं असतं!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)