दातांच्या दवाखान्यातला दिवस
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



‘दिवसभर तुम्ही दातच उपटता का हो?’ असे आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, आणि उत्तर द्यायला आज येथे उभे केले. उपटणे त्या मानाने थोडे. सकाळचा पहिला तास हत्यारे धुऊन ती वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर निर्जंतुक करण्यात जातो. मग दाढा भरणे, नस मेलेल्या दाढेची मुळे साफ करणे, कवळ्यांची मापे. हे कोठल्याही गावी असेच. मोरा बंदरात मात्र मला घड्याळाबरोबर भरती-ओहोटीही पाहावी लागते. मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. मग भाऊच्या धक्क्याला निघालेली मंडळी ‘आता थांबायचेच आहे तर’ म्हणून माझ्या बाकावर येऊन बसतात! २०२४ साली अटल सेतू झाला, उरणला रेल्वेही आली, तरी हा बाक काही रिकामा झालेला नाही.

मुलांविषयी एकच सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कोणताच दात पडत नाही, म्हणून ती घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. किडली तरी ‘दुधाचीच ना, पडेल’ म्हणतात. ती दुधाची नव्हे, जन्माची. परवाच एका नऊ वर्षांच्या मुलीची अशी दाढ काढावी लागली.

आता मशेरी. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच. दाढ ठणकली की बोटभर लावायची, बरे वाटते, आणि दवाखाना सहा महिने लांबतो. म्हणून मी दाढेआधी गाल आणि हिरडी पाहते. तेथला पांढरा चट्टा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. एक मावशी कवळीसाठी आल्या होत्या. चट्टा हाताला कडक लागला. मी परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. त्या म्हणाल्या, ‘शिमगा झाल्यावर जाते ना.’ मी म्हटले, ‘उद्याच्या पहिल्या लाँचने.’ अर्धा तास वाद चालला, बाहेर सात माणसे खोळंबली. शेवटी त्यांच्या सुनेने चिठ्ठी आपल्या पिशवीत घातली. दुखणे लहान असतानाच सापडले. शस्त्रक्रिया झाली, आणि मावशी पुन्हा बाजारात पाटी घेऊन बसतात.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा कोणाच्या तोंडात असेल, तर संध्याकाळी साडेसातनंतर यावे. तेव्हा गर्दी नसते, आणि नुसते तोंड पाहण्याचे मी पैसे घेत नाही.